चाळीस वासांची पुस्तिका: एका एमएस रुग्णाने केलेले परीक्षण

न्यूरॉलॉजी विभागातून मिळणाऱ्या तपासणीच्या कागदावर ‘क्रेनियल नर्व्ह्ज 2 ते 12 नॉर्मल’ अशी ओळ फार वेळा आढळते. मेंदूशी थेट जोडलेल्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी पहिली जोडी वासाची आहे आणि ती या ओळीत नाही. तिची तपासणी झालेली नसते, म्हणून तिच्याविषयी काही लिहिलेलेही नसते. यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा शोधण्यापेक्षा प्रामाणिकपणा शोधावा, कारण जे पाहिले नाही ते नॉर्मल आहे असे त्यांनी म्हटलेले नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात रुग्णाचे अपंगत्व जगभर ज्या मोजपट्टीने ठरवले जाते, त्या कुर्ट्झके यांच्या 1983 च्या मोजपट्टीतही दृष्टी, स्नायूंची ताकद, तोल, संवेदना, लघवी-शौच आणि विचारशक्ती यांना जागा आहे, वासाला नाही. ही रिकामी जागा भरण्यासाठी जी मोजकी साधने उपलब्ध आहेत, त्यांपैकी ‘पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची गंध-ओळख चाचणी’ हे एक जुने आणि नावाजलेले साधन आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘यूपीसिट’ म्हणतात. मला स्वतःला एमएस आहे आणि पुण्यातील एका कान-नाक-घसा चिकित्सालयात मी ही चाचणी दिलेली आहे. हे परीक्षण सर्वसाधारण ग्राहकासाठी नाही. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मज्जासंस्थेला लक्ष्य केल्यामुळे होणारे, म्हणजे ऑटोइम्यून प्रकारचे, एमएस, मायस्थेनिया ग्रेव्हिस, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका यांसारखे आजार ज्यांच्या घरात आहेत, आणि ‘हल्ली फोडणीचा वास येत नाही’ ही तक्रार डॉक्टरांपुढे मांडावी की नाही या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी ते लिहिले आहे.

प्रथम वस्तूविषयी. रिचर्ड डॉटी आणि त्यांच्या फिलाडेल्फियातील सहकाऱ्यांनी 1984 मध्ये ही चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येकी दहा पानांच्या चार लहान पुस्तिका असतात. प्रत्येक पानाच्या तळाशी तपकिरी रंगाची एक पट्टी असते आणि त्या पट्टीत सूक्ष्म कुप्यांमध्ये सुगंधी तेल, किंवा काही पानांवर चक्क दुर्गंधी द्रव्य, कोंडलेले असते. पेन्सिलीच्या टोकाने पट्टी खरवडली की कुप्या फुटतात आणि वास बाहेर येतो. पट्टीच्या वर एक प्रश्न आणि चार पर्याय छापलेले असतात. वास आला असो वा नसो, चारांपैकी एका पर्यायावर खूण करावीच लागते. ‘काही कळत नाही’ असा पर्याय मुद्दामच ठेवलेला नाही. यंत्र नाही, वीज नाही, सुई नाही, आणि सर्व काम पाव तासाच्या आसपास आटोपते. एमआरआयच्या नळीत तासभर निश्चल पडून राहण्याची सवय झालेल्या माणसाला ही चाचणी जवळजवळ करमणूक वाटावी अशी आहे.

पर्याय निवडण्याची सक्ती प्रथमदर्शनी जाचक वाटते, पण चाचणीची खरी हुशारी तिच्यातच आहे. ज्याला अजिबात वास येत नाही असा माणूस केवळ अंदाजाने खुणा करील, तर चारात एक या न्यायाने त्याचे चाळीसपैकी दहाच्या आसपास गुण होतील. साधारणपणे 18 पर्यंतचे गुण गंधज्ञान गेल्याचे दर्शवतात. पुरुषांमध्ये 34 आणि स्त्रियांमध्ये 35 किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर गंधज्ञान शाबूत मानले जाते. मधल्या पट्ट्यात कमतरतेच्या पायऱ्या आहेत. आणि ज्याचे गुण पाच किंवा त्याहूनही कमी येतात, तो बहुधा बरोबर उत्तर ओळखून ते टाळत असावा असा संशय घेण्यास जागा राहते, कारण योगायोगसुद्धा इतका वाईट नसतो. विम्याच्या दाव्यांत याचा उपयोग होतो असे म्हणतात त्याचे आश्चर्य वाटत नाही. शिवाय वय आणि लिंग यांनुसार तुलनेची कोष्टके चाचणीसोबत येतात, आणि ती पाहिल्याशिवाय नुसत्या गुणांना अर्थ नाही. वयाची पासष्टी उलटल्यावर सुमारे निम्म्या लोकांचे आणि ऐंशीनंतर सुमारे तीन चतुर्थांश लोकांचे गंधज्ञान स्पष्टपणे उतरलेले असते, हे डॉटी यांच्या गटानेच त्याच वर्षी दाखवून दिले होते. सत्तरीतल्या रुग्णाचे तीस गुण आणि तिशीतल्या रुग्णाचे तीस गुण ही एकच बातमी नव्हे.

आता मुख्य प्रश्न असा की, मज्जासंस्थेच्या आजारात ही चाचणी करावीच कशासाठी? नाक तर ठणठणीत असते. उत्तर वासाच्या वाटेत आहे. नाकाच्या छतातील पेशींपासून निघालेले बारीक तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदात पोहोचतात. या तंतूंवर मायलिनचे, म्हणजे चेतातंतूंभोवती असणारे चरबीयुक्त, आवरण नसते, त्यामुळे मायलिनवर हल्ला करणाऱ्या एमएसला तिथे लक्ष्य सापडत नाही. पण गंधकंद हा मेंदूचाच भाग आहे, त्यातून मागे जाणाऱ्या गंधमार्गावर मायलिन असते, आणि पुढे वासाची ओळख पटवणारे भाग कपाळामागच्या खंडाच्या तळाशी आणि कानशिलामागच्या खंडात असतात. तिथे व्रण पडले की नाक उघडे असूनही वासाची ओळख पुसट होते. वेगवेगळ्या अभ्यासांत एमएसच्या रुग्णांपैकी सुमारे 20 ते 45 टक्क्यांमध्ये गंधज्ञान कमी झालेले आढळले आहे. यांतील बहुतेकांना ते आपण होऊन जाणवलेले नसते. नजर अर्ध्या दिवसात धूसर झाली तर माणूस घाबरून डॉक्टर गाठतो. वास मात्र पावलांचा आवाज न करता जातो आणि आपण ‘हल्ली भाज्यांनाच चव राहिली नाही’ म्हणून भाजीवाल्याला दोष देतो.

यूपीसिटविषयी माझे मत अनुकूल होण्याचे कारण तिच्या निर्मात्यांनीच एमएसमध्ये केलेले काम हे आहे. 1997 मध्ये डॉटी आणि सहकाऱ्यांनी 26 रुग्णांची ही चाचणी घेऊन त्यांच्या एमआरआयवरील व्रण मोजले. कपाळ-खंडाचा तळ आणि कानशिल-खंड या वासाशी संबंधित भागांत जितके व्रण जास्त, तितके गुण कमी, असा अत्यंत घट्ट संबंध त्यांना दिसला. मेंदूच्या इतर भागांतील व्रणांशी मात्र गुणांचा तसा संबंध नव्हता. त्याहून मोलाचा आहे 1999 चा पाठपुरावा. त्यात रुग्ण फक्त पाच होते, ही मर्यादा मान्य. पण त्यांची चाचणी आणि एमआरआय दीड वर्षाहून थोडा अधिक काळ पुन्हा पुन्हा करण्यात आले, आणि त्या भागांतील व्रण वाढले की गुण घटत, व्रण ओसरले की गुण वर येत, असे दिसून आले. एमएसमध्ये गेलेला वास नेहमीच कायमचा गेलेला नसतो, तो आजाराच्या चढउतारांबरोबर हलतो, हे कळणे रुग्णाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या चाचणीचा योग्य वापर कसा करावा याचे उत्तरही याच अभ्यासात आहे: एकदा चाचणी देऊन मिळालेला आकडा हा निकाल नव्हे; तो स्वतःच्याच पुढच्या आकड्याशी ताडून पाहण्यासाठी असलेला पहिला आकडा आहे. हे मी इतक्या आग्रहाने का म्हणतो, ते चाचणीच्या उणिवांकडे वळल्यावर स्पष्ट होईल.

पण त्याआधी मायस्थेनियाविषयी, कारण या चाचणीतून निघालेला सर्वांत चक्रावून टाकणारा निष्कर्ष तिथला आहे. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावरचा आजार. चेतेचा निरोप स्नायूपर्यंत नेणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य टिपणाऱ्या तिथल्या रेणूंना प्रतिपिंडे निकामी करतात, पापण्या मिटू लागतात, बोलता बोलता आवाज नाकात जातो, घास गिळताना अडतो. मेंदूचा यात संबंध नाही असेच पाठ्यपुस्तके सांगत आली. 2012 मध्ये लिऑन-सार्मिएंतो, डॉटी आणि सहकाऱ्यांनी मायस्थेनियाच्या 27 रुग्णांना यूपीसिट दिली, तेव्हा त्यांचे सरासरी गुण 20 च्या आसपास भरले, तर निरोगी लोकांचे 36 च्या जवळ होते. यावर पहिली शंका कोणालाही येईल ती अशी की, हुंगायलाही स्नायू लागतात. अशक्त रुग्णाचा श्वासच जोराने आत जात नसेल. या शंकेसाठी त्यांनी पॉलिमायोसायटिसचे रुग्णही तपासले. त्या आजारातही स्नायू दुर्बल होतात, पण तो सांध्यावरचा आजार नाही, आणि त्या रुग्णांचे गुण 33 च्या पुढे, म्हणजे निरोगी लोकांच्या जवळपास आले. दोष केवळ हुंगण्याच्या ताकदीत नाही, मायस्थेनियाचा हात मेंदूपर्यंत पोहोचत असावा, असा त्याचा अर्थ लेखकांनी लावला. तो अखेरचा शब्द आहे असे मी म्हणणार नाही. पण इतका मोठा प्रश्न कागदाच्या चार पुस्तिका आणि एक पेन्सिल यांच्या बळावर उभा राहिला, याचे श्रेय चाचणीला द्यावे लागेल. न्यूरोमायलायटिस ऑप्टिकामध्येही गंधज्ञान घटल्याचे आणि गंधकंद आकाराने लहान झाल्याचे आढळले आहे. त्या आजाराचे नाव डोळ्याच्या चेतेवरून आणि मणक्यातल्या मज्जारज्जूवरून पडल्यामुळे नाकाकडे कोणाचे लक्ष जात नाही इतकेच.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की, हे चाळीस वास अमेरिकी नाकासाठी निवडलेले आहेत. कोणता वास कितव्या पानावर आहे हे मी सांगणार नाही, कारण वाचकांपैकी कोणी उद्या ही चाचणी देणार असेल तर तिचा उपयोगच संपेल. पण वासांची नावे वैद्यकीय लेखांत छापली गेलेली आहेत, तेव्हा काहींचा उल्लेख करण्यास हरकत नसावी. लवंग, दालचिनी, नारळ, कांदा, लिंबू, अननस, शेंगदाणा, गुलाब, साबण, पेट्रोल, धूर हे सगळे आपल्या ओळखीचे आहेत आणि त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु रूट बीअर नावाचे पेय, बडीशेपेच्या जातीतल्या शेपूच्या पानांत मुरवलेली काकडी, जिंजरब्रेड, लायलॅकची फुले, फ्रूट पंच, चेडर चीज, हे वास सांगली-सोलापूरच्या, किंवा पुण्याच्याही, साठीतल्या माणसाने कुठे घेतलेले असणार? द्राक्षाचे उदाहरण तर मुद्दाम पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत द्राक्षाचा म्हणून जो वास गोळ्या-सरबतांत वापरतात तो तिथल्या काँकर्ड जातीच्या काळ्या द्राक्षाचा, आणि त्यातले मुख्य द्रव्य मिथिल अँथ्रानिलेट. नाशिकच्या थॉमसन सीडलेस द्राक्षाला तसा वास नाही. तेच द्रव्य जाई-मोगऱ्याच्या वर्गातील फुलांत मात्र असते, त्यामुळे मराठी नाकाला त्या पट्टीतून गजऱ्याची आठवण झाली तर तो नाकाचा दोष कसा मानावा? उलट विंटरग्रीनचा वास आपल्याकडे लहान मुलालाही ओळखता येतो, कारण ते आयुर्वेदातले गंधपुरा तेल, आणि दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमांचा वास तोच आहे. फक्त पर्यायांत मलम कुठे दिसत नाही, आणि विंटरग्रीन हे कशाचे नाव असा प्रश्न पडून माणूस भलत्याच ठिकाणी खूण करतो.

याचा परिणाम असा की, पूर्णपणे निरोगी मराठी माणूसदेखील सहज चार-सहा गुण गमावू शकतो, आणि अमेरिकी कोष्टकात ते गुण त्याला ‘सौम्य कमतरता’ या रकान्यात नेऊन बसवतात. माझे गुण तिशीच्या जरा खाली आले. चुकलेल्या पानांची नावे पाहिली तर त्यांतली बरीच परदेशी पदार्थांची होती, त्यांचे मला दुःख नाही. पण लवंग आणि कांदाही त्यांत होते, आणि आयुष्यभर मसाल्याच्या डब्याशेजारी वावरलेल्या माणसाची लवंग चुकते तेव्हा दोष पुस्तिकेवर ढकलता येत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, एकूण गुणांबरोबर चुकलेल्या वासांची यादीही मागून घ्यावी. ओळखीचे वास वेगळे मोजणे ही काही मान्यताप्राप्त पद्धत नव्हे, पण डॉक्टरांशी बोलताना एका आकड्यापेक्षा ती यादी अधिक काही सांगते. आणि दुसऱ्या वेळी चाचणी दिल्यावर हा सारा सांस्कृतिक गोंधळ आपोआप निष्प्रभ होतो: रूट बीअर आपल्याला आधीही ठाऊक नव्हती, नंतरही नसणार, बदल झालाच तर तो उरलेल्या वासांत होईल. एकाच माणसाने काही काळाने चाचणी पुन्हा दिल्यास गुण जवळपास तेवढेच येतात, ही यूपीसिटची ख्याती आहे, आणि स्वतःशी तुलना करणाऱ्याला नेमका हाच गुण हवा असतो.

दुसरी तक्रार अधिक मूलभूत आहे. ही चाचणी वास ओळखता येतो का एवढेच विचारते. वास किती सौम्य असेपर्यंत जाणवतो, हे ती विचारत नाही. या दोन वेगळ्या क्षमता आहेत. एमएसमधील संशोधनातून साधारण असे चित्र पुढे आले आहे की, आजाराच्या सुरुवातीच्या, दाह जास्त असलेल्या काळात वास जाणवण्याची किमान पातळी बिघडते, तर वास ओळखण्याची आणि दोन वासांतला फरक सांगण्याची क्षमता पुढे, अपंगत्व वाढत जाते तसतशी, घसरते. म्हणजे नव्याने निदान झालेल्या तरुण रुग्णाचा बिघाड यूपीसिटच्या हातून निसटू शकतो. त्यासाठी जर्मनीत विकसित झालेली ‘स्निफिन स्टिक्स’ ही पद्धत सरस आहे. तिच्यात फेल्टपेनसारख्या कांड्या असतात. किमान पातळी, फरक आणि ओळख अशा तीन भागांना प्रत्येकी 16 असे एकूण 48 गुण असतात. मात्र ती घेण्यासाठी प्रशिक्षित माणूस समोर बसावा लागतो, वेळ बराच जास्त लागतो, आणि थकवा हेच ज्या आजाराचे मुख्य लक्षण आहे त्या आजाराच्या रुग्णाला डोळ्यांवर पट्टी बांधून एकामागून एक कांड्या हुंगायला लावणे सोपे नसते. यूपीसिट घरी, आपल्या सोयीने, एक पुस्तिका सकाळी आणि एक संध्याकाळी अशीही सोडवता येते. मायस्थेनियाच्या रुग्णांनी ती औषधाचा अंमल असताना आणि ताजेतवाने असताना सोडवावी, आणि पुढच्या वेळीही तीच वेळ पाळावी.

ओळख विचारली जात असल्यामुळे आणखी एक गुंता होतो. चार पर्याय वाचायचे, ते लक्षात ठेवायचे, नाकाला जे जाणवले त्याच्याशी ताडून पाहायचे, हे सगळे मेंदूचे काम आहे, आणि एमएसमध्ये विचारांचा वेग मंदावलेला असेल तर नाक आणि गंधमार्ग दोन्ही निर्दोष असूनही गुण जाऊ शकतात. पुस्तिका हा भेद करू शकत नाही. हा तिचा दोष म्हणावा की मर्यादा, यावर वाद होऊ शकेल. मी मर्यादा म्हणेन.

नाकाचे साधे विकार आधी तपासून घेतल्याशिवाय ही चाचणी देणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. नाकातली मांसवाढ, जुनी सर्दी, सायनसचा दाह, करोनाचा संसर्ग, डोक्याला झालेला मार, धूम्रपान, यांपैकी कशानेही गुण उतरतात, आणि यांतले काही एमएसपेक्षा कितीतरी अधिक लोकांमध्ये आढळते. एक सापळा तर ऑटोइम्यून रुग्णांसाठी खास आहे. रिलॅप्स आल्यावर, म्हणजे आजार पुन्हा उसळल्यावर, सलाइनमधून स्टेरॉइड दिले जाते, आणि त्यानंतर वास परत आला तर आपण तो मेंदूतला व्रण ओसरल्याचा पुरावा मानतो. पण स्टेरॉइड नाकातली सूजही उतरवते. तेव्हा अशा उपचारानंतर लगेच दिलेल्या चाचणीच्या वाढलेल्या गुणांवरून आनंद जरूर मानावा, निष्कर्ष काढू नये. नाकाची दुर्बिणीतून तपासणी झालेली असेल तरच गोष्ट वेगळी. उलट बाजूने, घरी कापूर किंवा डोकेदुखीचा बाम हुंगून ‘मला तर वास येतो’ असा दिलासा घेणारेही फसतात. कापूर, पुदिना, निलगिरी, अमोनिया यांचा थंडावा किंवा झणझणीतपणा पाचव्या चेतेमार्फत, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदनेच्या वाटेने, जाणवतो. पहिली चेता पूर्ण बंद असली तरी बाम नाकाला झोंबणारच.

मला मिळालेल्या सेवेविषयी थोडक्यात सांगतो. चिकित्सालयाचे नाव येथे देत नाही. तंत्रज्ञ सौजन्यशील होते, खोली मात्र औषधी द्रवाने नुकतीच पुसलेली होती आणि वासाच्या चाचणीला याहून अयोग्य जागा शोधून सापडली नसती. अहवालावर नुसते गुण आणि ‘गंधज्ञान कमी’ एवढा शेरा होता. वयाचे कोष्टक लावलेले नव्हते, ते मागितल्यावर लावून मिळाले. ही तक्रार पुस्तिकेची नव्हे, पण भारतात ही चाचणी फारच थोड्या ठिकाणी आणि क्वचित होत असल्यामुळे ती घेणाऱ्यांनाही सवय नाही, हे रुग्णाने गृहीत धरून जावे. खोलीत अत्तर, उदबत्ती, फिनेल नको. चाचणीपूर्वी तासभर चहा-कॉफी आणि तंबाखू नको. आणि वय व लिंग यांनुसार टक्केवारी अहवालात हवी, हे आधीच स्पष्ट सांगावे.

पर्यायांचा विचार करणाऱ्यांसाठी: याच निर्मात्यांची बारा वासांची छोटी आवृत्ती आहे. केळे, चॉकलेट, दालचिनी, पेट्रोल, लिंबू, कांदा, रंगाचा थिनर, अननस, गुलाब, साबण, धूर आणि टर्पेंटाइन असे तिच्यातले वास आपल्याला बरेच जवळचे आहेत, आणि गंधज्ञान आहे की गेले एवढेच पाहायचे असेल तर ती पुरेशी आहे. पण बारा गुणांच्या पट्टीवर हळूहळू होणारा चढउतार दिसत नाही, आणि माझ्या मते एमएसच्या रुग्णाला नेमका तोच पाहायचा असतो. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी भारतीय परिचयाच्या वासांची एक चाचणी पार्किन्सनच्या रुग्णांवर वापरून 2013 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते, आणि पुण्याच्या आयसर संस्थेत निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेने करोनाच्या काळात गंधज्ञान मोजणारे एक उपकरण तयार केले. अशा प्रयत्नांतून वेलदोडा, हिंग, केवडा, ओली माती यांच्या पट्ट्या असलेली पुस्तिका दुकानात येईल तेव्हा मी यूपीसिटची शिफारस मागे घेईन.

कमी गुण आल्यावर पुढे काय, याचे उत्तर पुस्तिका देत नाही आणि देऊही शकत नाही. मूळ आजाराचा उपचार डॉक्टर ठरवतील. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे लक्षपूर्वक हुंगण्याचा व्यायाम ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडला. त्याचा फायदा मुख्यतः विषाणू-संसर्गानंतर वास गेलेल्यांमध्ये दिसला आहे. ऑटोइम्यून आजारांत तेवढी खात्री देता येत नाही, पण चार बाटल्यांनी नुकसानही होत नाही, आणि त्यासाठी महागडा तयार संच विकत घेण्याची गरज नाही. त्याहून तातडीचे काम स्वयंपाकघरात आहे. सिलिंडरमधील गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते, आणि ही सारी सुरक्षाव्यवस्था घरातल्या माणसाच्या नाकावर उभी आहे. ज्याचे गुण विशीत किंवा त्याखाली आले त्याने घरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे, रात्री रेग्युलेटर बंद करण्याचे काम घरातल्या दुसऱ्याकडे द्यावे, आणि गळतीसाठीचा 1906 हा दूरध्वनी क्रमांक ओट्याजवळ लिहून ठेवावा.

पाचपैकी साडेतीन तारे मी या चाचणीला देईन. एक तारा परदेशी वासांसाठी कापला आहे, आणि अर्धा वास जाणवण्याची पातळी न मोजल्याबद्दल. ज्यांना एमएस आहे आणि ज्यांचा एमआरआय ठरावीक अंतराने होतच असतो, त्यांनी पुढच्या एमआरआयच्या आठवड्यातच ही चाचणी द्यावी, म्हणजे दोन्ही कागद एका तारखेचे राहतील, आणि पुढच्या एमआरआयला पुन्हा द्यावी. आजार जुना आहे, वास कित्येक वर्षांपासून नाही आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनीही तसे सांगितले आहे, अशांना चाळीस पाने खरवडून नवे काही कळणार नाही. त्यांनी तो खर्च गॅसच्या यंत्रावर करावा. पुस्तिका परदेशातून येतात, एकदा खरवडल्या की पुढच्या वेळेसाठी निरुपयोगी होतात, आणि परदेशी टपाल व सीमाशुल्क धरून खर्च लक्षात येण्याजोगा होतो, त्यामुळे दुसऱ्या वेळचा संच आताच मागवून ठेवावा असा मोह होईल. तो टाळावा, पट्ट्यांना मुदत असते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या पट्टीचा वास उतरला तर कमी झालेले गुण मेंदूचे की कपाटाचे, हे कोणत्याही कोष्टकातून कळणार नाही. चिकित्सालयातही खरवडण्याआधी पुस्तिकेवरची मुदतीची तारीख पाहून घ्यावी.